दिंडोरीतला वन्स मोअर

दिशाचा घसा सकाळी बसला तो द्राक्षांपायी. दिंडोरीच्या एका वायनरीच्या लॉनवर आमच्या ऑपेराची शेवटची तालीम चालली होती आणि शेजारच्या प्लॉटमध्ये ट्रॅक्टरचा ब्लोअर फवारणी करत फिरत होता. वारा नेमका आमच्याकडे. माझी मुख्य गायिका खोकून खोकून लाल झाली. मी कुंपणापाशी जाऊन बोंब मारली, तर ट्रॅक्टरवरचा केरू शांतपणे म्हणाला, "ताई, आज औषध नाय मारलं तर माल हातचा जाईल. तुमचं गाणं उद्या ठिवा की."

गाणं उद्यावर ठेवता येणार नव्हतं. ब्रांटबाई आजच्या प्रयोगासाठीच जर्मनीहून आल्या होत्या.

ब्रांटबाई तिकडच्या एका ऑपेरागृहाच्या संचालिका. आणि मी रोहिणी निकम, नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातल्या फिटरची मुलगी. गेली पंधरा वर्षं युरोपात दुसऱ्यांच्या ऑपेरांच्या तालमी मी घ्यायच्या आणि प्रयोगाच्या दिवशी टाळ्या मुख्य कंडक्टरने घ्यायच्या, असं चाललं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत हे माझं काम आहे. घरच्यांच्या मते ते खूळ आहे. पुढच्या हंगामासाठी ब्रांटबाईंना कंडक्टर हवा होता. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "तुझं वाजवणं उत्तम आहे. पण तू गायकांचे फार लाड करतेस असं ऐकलंय. पूर्ण प्रयोग मुठीत ठेवता येतो का, एवढंच मला बघायचंय." म्हणजे आज सगळं सुरळीत पार पडलं तर नोकरी माझी, नाहीतर जन्मभर असिस्टंट. चाळिशीनंतर अशी संधी कोणी आणून देत नाही.

डॉक्टरांनी दिशाला बजावलं होतं की ठरलंय तेवढंच गा, जास्त ताणलंस तर आवाज जाईल. शेवटच्या अंकातलं गाणं सगळ्यात अवघड, त्यासाठी आवाज राखून ठेव, हे मीही तिच्या कानीकपाळी ओरडले. दिशा गांगुर्डे चोवीस वर्षांची, नाशिक रोडला राहणारी. चार वर्षं माझ्याकडे ऑनलाइन शिकत होती. प्रत्येक गोष्टीला "हो ताई" म्हणायचं आणि मग मनात असेल तेच करायचं, ही तिची जुनी सवय.

ऊन कललं आणि प्रयोग सुरू झाला. बरोकच्या पद्धतीप्रमाणे मी प्रेक्षकांकडे पाठ करून हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या जुन्या भावंडावर, बसले होते. वाजवता वाजवता मानेने आणि मोकळ्या हाताने वादकांना इशारे द्यायचे. दिशाने वरचा सूर घेतला की मी वाद्यं हलकी करायची. पहिला अंक निभावला. मध्यंतरात ब्रांटबाई स्वतः उठून आल्या आणि दिशाला म्हणाल्या, "उन्हाळ्यात आमच्याकडे ऑडिशनला ये." पोरीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली.

दुसऱ्या अंकात नवऱ्याने टाकलेल्या राणीचं गाणं आहे. या गाण्यांची घडणच अशी की पहिला भाग शेवटी पुन्हा येतो आणि तेव्हा गायिका त्यात आपल्या हरकती घालते. दिशाने तो दुसरा फेरा जपून, बेताने घेतला. मी पान उलटलं, तोच पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

ते खंडेरावकाका होते. वडिलांचे मित्र, उभा जन्म संगीत नाटकांत घालवलेले. पुढची खुर्ची त्यांना मीच दिली होती, कपाळ माझं. त्यांच्या मागून दुसरा आवाज आला, मग तिसरा, मग अख्खं लॉन ओरडायला लागलं. आपल्याकडे याहून मोठी दाद नाही. पण गाणं असं परत घेणं ब्रांटबाईंच्या लेखी प्रयोग हातातून सुटल्याचा पुरावा ठरला असता.

दिशाने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. मी नुसत्या ओठांनी म्हटलं, नाही. तिला ते स्वच्छ दिसलं. मी पुढच्या प्रवेशासाठी हात वर केला आणि त्याच क्षणी दिशाने वाद्यांशिवायच गाण्याची पहिली ओळ सुरू केली.

रागाने माझे कान तापले. पुढचा प्रवेश जोरात सुरू करून तिचा आवाज बुडवणं सोपं होतं. भर लोकांत तिची शोभा झाली असती आणि नोकरी माझ्या हाती आली असती. वादक माझ्या हाताकडे बघत होते. पण दिशा जे गात होती, ते मी चार वर्षांत तिच्याकडून ऐकलं नव्हतं. आवाज लहान, खरखरीत, आणि त्या खरखरीतूनच राणीचं दुःख येत होतं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि हे गाणं संपू नये असंही वाटलं. मी हात खाली आणला आणि तिच्या मागोमाग वाजवू लागले. चेलो आला, मग व्हायोलिनं आली.

किंमत शेवटच्या अंकात मोजावी लागली. अवघड गाण्याच्या पहिल्याच वरच्या सुराला दिशाचा आवाज चिरला. पुढच्या ओळीला नुसती हवा आली. तिची सुरावट मी व्हायोलिनांकडे दिली आणि ती ओठ हलवत उभी राहिली. कसाबसा शेवट गाठला. नाशिककरांनी मायेने टाळ्या वाजवल्या. ब्रांटबाईंनी वाजवल्या नाहीत.

मागच्या मंडपात दिशा गरम पाण्याचा ग्लास धरून बसली होती. ब्रांटबाई आल्या आणि थेट मला म्हणाल्या, "मला तुझी फक्त पाठ दिसत होती. ते गाणं परत घ्यायचं कोणी ठरवलं? तू, की ती आपणहून सुरू झाली?"

मी नोटेशनची पानं जुळवू लागले.

"ती आपणहून सुरू झाली असेल, तर दोष तुझा नाही," त्या म्हणाल्या. "आपलं ठरल्याप्रमाणे राहील. पण मग हिला ऑडिशनला बोलवण्यात अर्थ नाही. कंडक्टरचं न ऐकणारी गायिका मला चालत नाही."

पंधरा वर्षं एका वाक्यावर आली होती, आणि 'ती आपणहून सुरू झाली' हे ते वाक्य खरंच होतं. मी दिशाकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"मी ठरवलं," मी म्हणाले. "मीच तिला खूण केली."

दिशा ताडकन उठली. जोरजोरात मान हलवत तिने तोंड उघडलं, पण त्यातून आवाज फुटला नाही.

"म्हणजे गायकांच्या लाडांचं ऐकलं होतं ते बरोबर निघालं. मला दुसरा कंडक्टर शोधावा लागेल," ब्रांटबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. दिशाच्या खांद्यावर हात ठेवून, "उन्हाळ्यात भेटू," एवढं बोलून त्या गाडीकडे गेल्या.

दिशाने माझं मनगट घट्ट धरलं. तिचे ओठ "ताई, ताई" म्हणत होते. मला रडू फुटत होतं आणि तिचा संतापही येत होता, दोन्ही एकदमच.

"गप्प बस," मी तिला म्हणाले. "घसा सांभाळ. ऑडिशनला राणीचं तेच गाणं गा. आणि तिथे समोरचा नाही म्हणाला, तर थांबायचं. तिथे मी नसणार."