प्रत मिळाली

तीस वर्षं वकिली केली, पण कोर्टात उभा राहून बोललो ते मोजून दहा-बारा वेळा. त्यातही निम्म्या वेळा फक्त पुढची तारीख मागितली. औरंगपुऱ्यात शौकत वकील आणि मी एकाच खोलीत बसायचो. दावे, कैफियती, अर्ज मी लिहायचो. खाली सही त्याची आणि कोर्टात बोलायचाही तोच. तो आजारी पडला, तर मी न्यायाधीशांपुढे लेखी युक्तिवाद ठेवायचो, एक प्रत समोरच्या वकिलाला द्यायचो, माझ्या प्रतीवर त्याची ‘प्रत मिळाली’ अशी सही घ्यायचो आणि खाली मान घालून बाहेर पडायचो. बार रूममध्ये मला लेखी तात्यासाहेब म्हणत.

सत्तावन्नाव्या वर्षी एलएल.एम.ला गेलो तो शौकतमुळं. वर्ग कोर्ट सुटल्यावर भरायचे. दोघांचे अर्ज त्यानंच आणले, भरले अर्थात मी. वर्गात हजेरी घेतात असं कळल्यावर तो दोन महिन्यांत गळाला. मी पेपर दिले, पास झालो. पेपरांत बोलावं लागत नाही.

मग प्रबंध आला. पोलीस ॲक्शननं निजामी गेली आणि कोर्टाची भाषा बदलली, पण जमिनींचे जुने कागद उर्दूतच राहिले. कोर्टात त्यांची भाषांतरं चालतात. नुसत्या भाषांतरावर निकाल देऊ नये, मूळ कागदही वाचून घ्यावा, असं माझं म्हणणं होतं. माझी शाळा उर्दूतली, म्हणून धाडस केलं. दीडशे पानं झाली. पहिल्या पानावर माझं एकट्याचं नाव होतं. तसं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते पान मी घरी बायकोला, द्वारकाबाईंना, दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “नाव तुमचंच आहे ना, नीट बघितलं का?”

प्रबंधावर तोंडी परीक्षा असते. पहिल्या तारखेला मी ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. दुसरी तारीख शेवटची होती. तेव्हा गेलो नाही किंवा गप्प बसलो, तर प्रबंध नामंजूर होणार होता, आणि माझ्या नावाचा तो एकुलता एक कागदही गेला असता.

शौकत म्हणाला, “वकालतनामा द्या. तुमच्यातर्फे मी उभा राहतो.”

“प्रबंध वाचलाय का?”

“पूरे कागजां पढ के कौन खडा रहता, तात्यासाहेब?”

शेवटी मला जमत होतं तेच मी केलं. अकरा पानं लिहून नेली. परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, माझ्याहून वयानं लहान. शेजारी आमचे मार्गदर्शक सर बसले होते. मी नमस्कार केला, एक प्रत बाईंपुढं ठेवली, एक सरांपुढं, आणि सवयीनं माझी प्रत बाईंपुढं धरून म्हणालो, “इथं सही.”

काय केलं ते सही मागून झाल्यावर कळलं. सर खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी पेन काढलं, शांतपणे ‘प्रत मिळाली’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग अकराही पानं वाचली.

“सहीनं मी समोरची बाजू झाले,” त्या म्हणाल्या. “पण मला तर तुमचं म्हणणं पटलंय. मग विरुद्ध बाजू कोण मांडणार? तुम्हीच मांडा. या प्रबंधात काय चुकलंय ते सांगा.”

इतका सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता.

मी म्हणालो, पाहिलेले कागद फक्त चाळीस, तेही सगळे गंगापूर तालुक्यातले. त्यावरून अख्ख्या मराठवाड्याबद्दल कसं बोलणार? त्या कागदांतलं घसरतं उर्दू अक्षर मीही अडखळतच वाचतो; ते सहज वाचणारे माझ्या माहितीत एकच, बिडकीनचे इब्राहीम मुन्शी, आणि ते ऐंशीचे. त्यांच्यामागं मूळ कागद वाचणार कोण? माझं म्हणणं मान्य झालं तर गरीब पक्षकाराचा दावा नुसता पडून राहील. शिवाय त्रेसष्टाव्या पानावरचं भाषांतर चुकलंय आणि ते माझंच आहे. केव्हा उठून उभा राहिलो, आठवत नाही. चहा आला तो गार झाला. सरांनी पाणी दिलं, ते पिऊन मी पुन्हा सुरू झालो.

बाईंनी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता.

“आता याला तुमचं उत्तर?”

मी भानावर आलो. खाली बसलो.

“उत्तर... लेखी देतो.”

बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. आत्ता बोललात ते आणि त्याचं उत्तर शेवटचं प्रकरण म्हणून जोडा, प्रबंधात तेवढंच राहिलं होतं, असं म्हणून त्यांनी मला पास केलं.

बाहेर शौकत घामाघूम होऊन उभा होता. दाराला कान लावला तर आवाज ओळखीचा वाटेना, म्हणून चुकीच्या खोलीपाशी आलो असं समजून तो सगळी इमारत फिरून आला होता.

“आत कोण बोलत होतं एवढं?”

“विरुद्ध बाजूचा वकील.”

“मग?”

“हरला वाटतं,” मी म्हणालो. “पदवी मला मिळाली.”

तरी शेवटचं प्रकरण लिहायला बसलो, तेव्हा मला त्या विरुद्ध बाजूच्या वकिलाचंच म्हणणं जास्त पटत होतं.