भाच्यानं दिलेले चार प्लग

साल एकोणीसशे शहाण्णव. त्या वर्षीच्या खंडेनवमीला सायखेड्यात लंकाबाईनं गाडीच्या चार नव्या स्पार्क प्लगांना हळदकुंकू लावलं, आणि पुढे दिवाळीपर्यंत तिला त्याचीच बोलणी खावी लागली.

गाडी तिच्या नवऱ्याची, मोतीरामची. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी सोडून त्यानं देवळालीच्या लष्करी लिलावातून पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप घेतली होती. लोक हसले होते, पण गाडी इमानी निघाली. दोन वर्षं रोज सकाळी गावचं दूध कॅन भरभरून नाशिकला नेलं, एका दिवसाचा खाडा नाही. घर त्या खेपेवर उभं होतं.

दसऱ्याच्या तोंडावर मोतीरामचा भाचा धनराज आला. नाशकात द्वारका चौकाजवळ त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. म्हणाला, "मामा, प्लग जुने झाले. मी आणलेत, खास आपल्या गाडीचे." जुने चार काढले. नवे बसवायच्या आधी लंकाबाईनं ते पाटावर विळ्याकोयत्यांशेजारी मांडले, प्रत्येकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर कुंकवाचं बोट टेकवलं, आणि फडक्यानं स्वच्छ पुसून दिले. जुने तिनं राखेनं घासून बिस्किटाच्या डब्यात ठेवले. टाकून द्यायला मन होईना.

चार दिवसांत गाडी मिसिंग करायला, झटके खायला लागली. चांदोरीजवळ उभीच राहिली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात निम्मं दूध नासलं. आठवड्यानं माडसांगवीजवळ पुन्हा तेच. दूध सोसायटीचा चेअरमन मल्हारी दारात येऊन सांगून गेला, "मोतीराम, तुझ्यामाझ्यात काय नाय. पण तिसऱ्यांदा नासलं तर खेप दुसऱ्याला जाईल. मला लोकांला तोंड द्यायचंय."

धनराजला निरोप गेला. तो आला, प्लग काढले, काळेकुट्ट झालेले. पॉलिशपेपरनं घासत ओट्यावर बसला. लंकाबाई चहा घेऊन आली तेव्हा आजूबाजूला चार माणसं जमली होती.

"मामी, एक विचारू? प्लगला कुंकू लावलं होतं ना तुम्ही?"

"लावलं होतं. पुसलं पण."

"तेच ते. तेलकट बोट लागलं, करंट पळाला." मग माणसांकडे वळून, "गाडीला प्लग लागतात, आमच्या मामींनी देव्हारा बसवला."

माणसं हसली. मोतीरामही हसला, आणि हसू ओसरल्यावर म्हणाला, "आजपासून गाडीला हात लावायचा नाय तू. सांगून ठेवतो."

लंकाबाईनं रिकाम्या कपबश्या उचलल्या. खरं सांगायचं तर दोन दिवस तिला स्वतःलाही वाटत राहिलं, की आपल्याच बोटानं घराची भाकरी नासवली. मग तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना एकदम तिचा हात थांबला. गेल्या दसऱ्याला तिनं प्लगांना कुंकू लावलं होतं. त्याच्या आदल्यालाही. तेव्हा गाडी का उभी राहिली नाही?

तवा उतरवून ती तशीच उठली. दुपारची वेळ, मोतीराम झोपलेला. पान्यानं तिनं एक प्लग काढला आणि डब्यातल्या जुन्याशेजारी उंबऱ्यावर उभा केला. जुना उंच, नवा बुटका. तिनं नखानं आटे मोजले. जुन्याचे पंधरा. नव्याचे दहा. पुन्हा मोजले. मग तिच्या कानशिलात जी आग उठली ती पुढे कितीतरी वर्षं पुरती विझली नाही.

मोतीरामला उठवून तिनं दोन्ही प्लग त्याच्या हातावर ठेवले. त्यानं पाहिले. कळलं नसेल असं नाही. आयुष्य बॉयलरच्या नटबोल्टांत गेलेलं. पण तो म्हणाला, "कंपन्या बदलतात. आटे कमीजास्त असतात."

"मोजून बघा तरी."

"भाचा हाय तो. मामानं भाच्यावर आळ घ्यायचा? माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

"आणि माझ्यावर घेतला तो?"

त्यानं कूस बदलली.

भाच्याला मामानं मारलं तर म्हातारपणी मामाचे हात थरथरतात, असं आपल्याकडे मानतात. मारायचं नाही, एवढ्यावर मोतीरामनं थांबायचं होतं. त्यानं तोंडही शिवून घेतलं.

काढलेल्या प्लगच्या जागी तिनं डब्यातला एक जुना घालून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी खेप गेल्यावर, ती कशीबशी पोचणारच होती, लंकाबाईनं एक जुना आणि एक नवा प्लग रुमालात बांधला आणि एसटीनं नाशिक गाठलं. सरळ धनराजकडे गेली नाही. आधी पलीकडच्या गल्लीत सहादू म्हणून एक म्हातारे होते, देवळालीला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले, त्यांच्या टपरीवर गेली.

सहादूंनी चष्मा कपाळावर नेला. "ताई, हा स्कूटरचा हो. तुमच्या इंजिनाचं भोक खोल. ह्याचं टोक आतपर्यंत पोचतच नाही, बिळात बसल्यासारखं बसतं. काजळी धरणार नाहीतर काय?"

"कुंकवानं असं होतं का?"

"पुसलेल्या कुंकवानं? कुणी सांगितलं?"

तिनं जुना प्लग त्यांच्यापुढे सरकवला. सहादूंनी जुन्या प्लगचं टोक उजेडात धरलं. "काढला तेव्हा रंग काय होता?"

"विटकरी."

"मग मूळचाच प्रकार बरोबर होता. गाडी ओझं घेऊन चालते? मध्ये थांबत थांबत?"

"तीन गावांना कॅन चढतात. मग सरळ नाशिक."

त्यांनी खोक्यांतून चार शोधले, एकेक जुन्याशेजारी धरून आटे जुळवले, टोकाची फट मापाच्या पत्तीनं तपासली. "हे घाला. आधी हातानं फिरवा, मग पाना. आडवा गेला तर आटे जातील."

मग ती द्वारकेला गेली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तिला तेच हवं होतं. तिनं दोन्ही प्लग काउंटरवर उभे केले.

"या मामी, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. आटे मोज."

"आत या ना, आत बोलू."

"माझ्या ओट्यावर तू आत बोलला होतास का? मोज, भाचेबुवा. मोठ्यानं मोज."

त्यानं हसून गिऱ्हाइकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. एका रिक्षावाल्यानं बुटका प्लग उचलला. "हा तर स्कूटरचा, शेठ."

"खोकं बदललं असेल मामी. माल पडून होता, गडबडीत..."

"पडून होता म्हणून मामाच्या गाडीत घातलास. आणि दूध नासलं तेव्हा तुला कळलं नाही? स्वतः काढलेस, स्वतः घासलेस. तुझ्या डोळ्यांना आटे दिसले नाहीत, माझं कुंकू दिसलं."

तिचा हात वर गेला तेव्हा धनराज मागच्या फळीला टेकला.

"मामाचे हात थरथरतात म्हणे," लंकाबाई म्हणाली. "मामीचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही."

तिनं मारलं नाही. हात खाली घेऊन तिनं प्लग रुमालात बांधले. "ज्या ओट्यावर बोललास त्याच ओट्यावर येऊन सांगायचं. त्याच माणसांपुढं."

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडीला हात न लावायचा हुकूम असताना, तिनं चारही प्लग स्वतः बसवले. आधी हातानं, मग पान्यानं. बसवायच्या आधी प्रत्येकाला कुंकू लावलं आणि पुसलं. मोतीरामनं किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तो ऐकत बसला. तिच्याकडे न बघता गियर टाकून निघून गेला. दूध वेळेवर पोचलं. तिसऱ्यांदा कधी नासलं नाही.

संध्याकाळी मल्हारीनं विचारलं तेव्हा मोतीराम म्हणाला, "प्लग बदलले. झालं." लंकाबाई दारातच उभी होती.

धनराज ओट्यावर आला नाही. भाऊबीजेला आईसोबत आला, स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "मामी, झालं गेलं." तिनं त्याला जेवायला वाढलं आणि चुलीकडे वळली.

पिकअप दोन हजार तीनपर्यंत चालली, मग भंगारात गेली. सहादू त्याच्या आदल्या वर्षी वारले. लंकाबाई त्यांच्या दहाव्याला एकटी गेली होती. मल्हारीनं पुढे खेप डिझेलच्या टेम्पोला दिली, ती मोतीराम थकल्यावर. धनराजनं इंदिरानगरात मोठं दुकान टाकलं. सीटकव्हर विकतो, सुटे भाग ठेवत नाही. ओट्यावर हसलेल्यांपैकी दोघं अजून आहेत, आणि गावात अजूनही ती गोष्ट कुंकवाचीच म्हणून सांगतात.

दोन हजार सातपासून मोतीरामचे हात थरथरू लागले. कप धरवेना. लंकाबाईच त्याला चहा पाजायची. आलेल्या बायका गमतीनं विचारायच्या, "मामांनी भाच्याला मारलं होतं की काय?"

"नाही," लंकाबाई बशीत चहा ओतत म्हणायची. "एक शब्दसुद्धा बोलले नाहीत."