स्टॅनवेबाईंची धुतलेली गाडी

"बाई, क्लेमीच्या घरचे लोक गरीब आहेत ना?"

टीगनने हे विचारलं आणि आम्ही वाचत होतो ते वाक्य अर्ध्यावरच राहिलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ज्यांचं वाचन मागे पडलं आहे अशी मुलं मी शनिवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घेऊन बसते. टीगन ब्रेझियर त्यांतलीच, नऊ वर्षांची. तिचा बाप डीन लहानपणी माझ्याच वर्गात होता. आता तो घरांना गिलावा करण्याची कामं घेतो आणि त्याचं उत्तम चाललं आहे.

"असं का वाटलं तुला?" मी विचारलं. पुस्तक बाजूला ठेवलं. मुलाच्या मनात प्रश्न असताना वाचन पुढे जात नाही.

"त्यांची गाडी बघा ना! खिडकीच्या रबरात शेवाळ उगवलंय. खरंखुरं, हिरवं. मागचं दार गवताच्या गठ्ठ्याच्या दोरीनं बांधलंय. आत ओल्या कुत्र्यांचा वास येतो. आणि घरात एवढी थंडी, बाई, सगळे कोट घालून जेवतात."

मला हसू आलं. क्लेमी म्हणजे क्लेमन्सी स्टॅनवे. थॉर्नफर्ड गावावरच्या टेकडीवरचं ते लांबलचक दगडी घर स्टॅनवेंचं, आणि खाली नदीपर्यंतची बरीचशी कुरणंही त्यांचीच.

"आणि तुमची गाडी कशी आहे?"

"नवी! काळी. नंबरप्लेटवर बाबांचं नाव आहे. बाबा दर रविवारी धुतात आणि मग मऊ फडक्यानं पुसतात."

मी एक कागद घेतला आणि त्यावर तीन गाड्या काढल्या. शिकवायचं म्हटलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. "हे बघ. ज्यांना सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखतं, त्यांना गाडीतून काही सांगावं लागत नाही. म्हणून ते ती धूत नाहीत. ज्यानं स्वतःच्या कष्टानं मिळवलंय, त्याला ते सांगावंसं वाटतं. त्याची गाडी चमकते."

"म्हणजे बाबा सांगतायत?"

"हो."

"ते चांगलं की वाईट?"

"चांगलंच की."

"मग स्टॅनवेबाई का नाही सांगत?" तिनं कागद स्वतःकडे ओढला. "आणि ते कोंबड्यांवाले कार्टराइटकाका? त्यांची गाडी तर त्याहून घाण. ते पण श्रीमंत?"

"नाही गं. त्यांची खरोखरच..."

"मग ओळखायचं कसं?"

मी पेन्सिलीला टोक करू लागले.

"आणि ही मधली तुमची ना, बाई? तुम्ही कधी धुता?"

"आठवण झाली की."

"म्हणजे तुम्ही काय सांगता?"

मी चहा ठेवला.

तिचा प्रश्न उगाच नव्हता, हे चहा पिता पिता कळलं. ऑगस्टमध्ये स्टॅनवे मंडळी स्कॉटलंडला समुद्राकाठी आजीच्या घरी जातात. क्लेमीनं टीगनला 'तू पण चल' म्हटलं होतं. सप्टेंबरमध्ये क्लेमी दूर वसतिगृहाच्या शाळेत जाणार होती, म्हणजे एकत्र राहण्याचा हा एकच उन्हाळा. टीगन वाचताना अडखळली की वर्गातल्या बाकीच्या मुली तिचा शब्द स्वतःच पुरा करतात. क्लेमी करत नाही. ती थांबते. पण क्लेमीच्या आईनं अजून काही म्हटलं नव्हतं.

"त्या गरीब असतील तर मी जास्तीची होईन ना, बाई?"

"त्या गरीब नाहीत," मी अगदी ठामपणे सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात स्टॅनवेबाईंची गाडी शाळेच्या फाटकाशी बंद पडली ती सुरूच होईना. डीननं ती टोचन करून आपल्या आवारात आणली. "बॅटरी बदलून देतो, सोमवारी घेऊन जा," असं त्यांना सांगितलं. रविवारी चर्चहून परतताना मी त्याच्या आवाराकडे पाहिलं आणि जागीच थबकले. डीन, त्याचा मेहुणा आणि टीगन, तिघंही त्या गाडीवर तुटून पडले होते. सगळीकडे फेस. सीटा बाहेर काढून वाळत घातलेल्या. पुढच्या काचेच्या कडेला शेतकी मेळाव्यांच्या पार्किंगचे जुने स्टिकर एकाखाली एक चिकटवलेले असायचे. डीन पातळ पात्यानं शेवटचा खरवडत होता.

"डीन! अरे, हे काय चालवलंयस?"

"सरप्राईज, बाई! क्लेमी म्हणते, पोरीला दोन आठवडे सांभाळणार. आपण नुसतं थँक्यू म्हणायचं होय?"

"अरे, पण... त्यांना ती तशीच बरी वाटत असेल."

"कशी? घाण?"

"घाण असं नाही. जुनी. वापरातली."

"बाई, खिडकीत शेवाळ होतं. मागच्या सीटखाली मेलेला उंदीर निघाला. उंदीर कुणाला बरा वाटतो?"

"उंदीर नाही रे..."

"मग काय बरं वाटतं ते सांगा ना, बाई. मी तेवढं ठेवतो."

शाळेत हा मुलगा भागाकारावर असाच अडायचा, आणि मी त्याला सफरचंदं कापून समजावून सांगायची. इथे काय कापून दाखवणार? मेहुणा म्हणाला, "पिचफर्डबाई, तुमचीही आणा, धुऊन देतो," आणि सगळे हसले. मीही हसले.

सोमवारी संध्याकाळी मी मुद्दाम तिथे गेले. फिनेला स्टॅनवे चालत आल्या. उंच बाई, कोपराला रफू केलेला स्वेटर, पायात गमबूट. त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. ती गाडी हिरवी आहे हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं मी ती तपकिरी समजत होते.

"किती छान केलंत," त्या म्हणाल्या. "एवढा त्रास नव्हता घ्यायचा."

"अहो, त्रास कसला, मॅडम!"

"नाही, खरंच. किती छान."

त्या गाडीत बसल्या आणि गेल्या. डीन हात पुसत माझ्याकडे वळला. "खूश झाल्या ना, बाई?"

मी या गावात जन्मभर 'किती छान' ऐकत आले आहे. करपलेल्या केकला म्हणतात, नको असलेल्या पाहुण्यालाही म्हणतात, आणि कधीकधी मनापासूनही म्हणतात. "झाल्या असतील," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांच्याकडून काहीच आलं नाही. शाळा सुटताना त्या फाटकाशी थांबेनात. गाडी खाली गल्लीच्या टोकाशी, झुडपांच्या आड उभी करून क्लेमीला तिथवर चालत यायला सांगत. स्कॉटलंडचं नाव कुणी काढेना. क्लेमीला विचारलं तर ती म्हणे, 'आई म्हणते बघू.' शनिवारी टीगन माझ्याकडे आली, पण पान उघडून नुसती बसली.

"बाबांनी गाडी धुतली म्हणून ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं, पण मला खात्री नव्हती, आणि मुलांशी खोटं बोलायचं मला जमत नाही. "असेलही," मी म्हटलं. "काही लोकांना त्यांची गाडी जशी आहे तशीच हवी असते. मी तुला कागदावर दाखवलं होतं ना?"

तिनं मान हलवली आणि मग एक पूर्ण पान न अडखळता वाचलं. मला वाटलं, चला, समजलं हिला.

सुट्टी लागायच्या दिवशी ग्रंथालयाची पुस्तकं लावून मी शाळेतून निघाले. गल्लीच्या टोकाशी स्टॅनवेंची गाडी होती, आणि गाडीजवळ टीगन. तिच्याजवळ वाळूच्या खेळातली बादली होती आणि तिच्यात शाळेच्या तळ्याचा चिखल. दारावर ती तो लिंपत होती. फेकत नव्हती, लिंपत होती. तळहात कमानीत फिरवून, सगळीकडे सारखा थर बसेल असा. अगदी तिचा बाप भिंतीवर हात फिरवतो तसा.

मी हाक मारायच्या आत झुडपांमागून फिनेला स्टॅनवे आल्या. "टीगन? काय करतेस गं?"

"परत करतेय."

"काय परत?"

"घाण." टीगन जराही घाबरली नव्हती. "बाबांना माहीत नव्हतं. पिचफर्डबाई म्हणाल्या, ज्यांना सगळे ओळखतात ते गाडी धूत नाहीत. म्हणून मी पहिल्यासारखी करतेय. शेवाळ मात्र मला नाही लावता येत. ते उगवावं लागतं. मग मला न्याल का स्कॉटलंडला?"

फिनेला स्टॅनवेंनी वर पाहिलं. मी तिथेच होते, हातात पिशवी घेऊन.

"असं म्हणालात तुम्ही?"

"मी... साधारण तसं," मी म्हटलं.

त्या दाराशी वाकल्या. खालच्या कडेला चिखल लागला नव्हता, तिथे बोट टेकवून त्यांनी मला दाखवलं. पत्र्याची गंजून जाळी झाली होती. "हे घाणीखाली दिसत नव्हतं, पिचफर्डबाई. आता अख्ख्या गावाला दिसतंय. म्हणून इथे आडोशाला लावते." मग त्या टीगनकडे वळल्या. "तुझ्या बाबांनी अख्खा दिवस राबून माझी गाडी धुतली. मी त्यांना काय देऊ? आमच्याकडे प्लमचा मुरंबा सोडून काही नसतं. दोनदा तुमच्या दारापर्यंत आले. तुमची चकाचक गाडी पाहिली आणि माघारी फिरले. म्हटलं, या घरच्या मुलीला मी कुठे नेतेय? तिथे छप्पर गळतं. आंघोळीला गरम पाणी नसतं."

"मला गार चालतं," टीगन म्हणाली.

"गाद्यांमध्ये वाळू असते."

"चालते."

"आणि माझी आई फार बोलते."

"क्लेमीनं सांगितलंय."

फिनेला स्टॅनवेंनी बोटाला लागलेला गंज पुसला. "मंगळवारी सकाळी निघतो. जाड स्वेटर आण. आणि उलटीच्या गोळ्या."

टीगन बादली तिथेच टाकून शाळेकडे धावली, क्लेमीला सांगायला.

मी घरी येऊन कागदावरच्या तीन गाड्या खोडून टाकायच्या ठरवल्या. म्हणजे स्टॅनवे मंडळी गरीबच होती तर. टीगनचंच बरोबर होतं. पण सोमवारी पोस्टात कळलं की स्टॅनवेंनी नदीपलीकडचं आणखी एक कुरण विकत घेतलं, तेही रोख. मी तिकिटं न घेताच बाहेर आले.

मंगळवारी सकाळी गाडी ब्रेझियरांच्या दाराशी आली. चिखल तसाच होता. वाळला होता, आणि त्याच्यावर टीगनच्या हाताच्या कमानी स्पष्ट दिसत होत्या. स्टॅनवेबाईंना तो धुवायला वेळ मिळाला नव्हता की धुवायचा नव्हता, कुणास ठाऊक. डीन आवारातून पाण्याचा पाइप हातात घेऊन आला आणि माझ्याशेजारी येऊन थांबला. मागच्या सीटवर दोन्ही मुली आधीच बसल्या होत्या आणि फिनेला स्टॅनवे टीगनची बॅग दाबून दाबून सामानात बसवत होत्या.

"बाई," डीन हळूच म्हणाला, "मारू का जरा पाणी? तेवढ्यात होईल. की नको?"

"मला खरंच माहीत नाही, डीन."

"तुम्हाला नाही माहीत?"

"नाही."

त्यानं पाइपचं तोंड जमिनीकडे केलं. पाणी त्याच्या बुटांवर पडत राहिलं, आणि गाडी वळणाआड गेली.