अंगठाबहाद्दर

“बाई, अंगठा काढा आधी. यंत्रं काय शोभेला आणून ठेवलीत?”

साहेब प्रयोगशाळेच्या दारातूनच बोलले. बाईंनी अंगठा उचलला. पेल्याएवढ्या चिकणमातीच्या नळकांड्यावर तो रेघांसकट उमटला होता आणि दुर्दैवाने दोघांनाही दिसला.

आधी अंगठा, मग दाबयंत्र, हा बाईंचा शिरस्ता. सबंध नोकरी माती तपासण्यात गेलेल्या, पदवीवर पदवी असलेल्या या बाईला खात्यात ‘अंगठाबहाद्दर’ म्हणत. शिकलेल्या बाईला निरक्षर ठरवण्याची मौज फुकटात मिळत असताना ती सोडतो कोण?

“अजून लोणीच आहे की हो हे!”

“घट्ट होईल. सिमेंटची घाई त्याला नाही, एवढंच.”

“त्याला नसेल, मला आहे. उद्घाटन तोंडावर आलंय. वर खडी पडायचीय, डांबर पडायचंय.”

रस्ता दलदलीतून जाणार होता. तिथली माती इतकी मऊ, की तिच्यात काहीतरी कालवून तिला उभे करणे भाग होते. सिमेंट ते काम झटपट करते; पण सिमेंट भाजताना भट्टी जो धूर ओकते त्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या आसपास जाते. बाईंनी त्याऐवजी लोखंडाच्या भट्टीतली टाकाऊ मळी घेतली होती. ती लोखंडाबरोबर आधीच भाजून निघालेली. नुसती दळायची आणि थोडा चुना घालायचा. तिचा दोष एकच: ती सावकाश घट्ट होते. आणि हा रस्ता चांगला ठरला, तरच पुढच्या रस्त्यांखाली ती जाणार होती.

“मग घाला सिमेंट,” बाई म्हणाल्या. “पण तो फलक उतरवा.”

नाक्यावर फलक केव्हाच लागला होता: ‘हरित रस्ता. याच्या पोटात सिमेंट नाही.’

“फलक कसा उतरवणार?” साहेबांना खरोखरच नवल वाटले. “पाहुणे त्याच्यासाठीच तर येताहेत!”

हा माणूस खोटे बोलत नव्हता. खोटे बोलायला आधी खऱ्याची आठवण लागते.

बाई खिडकीशी गेल्या, परत आल्या. “कचरागाड्यांचं वळण तरी माझ्या मळीला सोडा. तिकडे पाहुणे फिरकणार नाहीत. गाड्या दुसरीकडून येऊ देत थोडे दिवस.”

“घ्या, घ्या! पण त्या दिवशी मंचावर यायचं. चार शब्द बोलायचे. तुमचंच संशोधन आहे, बाई.”

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती, हे त्यांना जिना उतरताना कळले.

घरी त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. नळ बंद केला, पुन्हा सोडला. कपाट उघडून समोर नुसत्याच उभ्या राहिल्या. टेबलावरच्या पावावर अंगठा गेला.

“अगं, पावाला तरी सोड,” नवरा म्हणाला. “झालंय काय?”

“माती खाल्ली.”

“ती तू रोजच खातेस. घर चालतंय त्याच्यावर.” तो हसला; ती हसली नाही, तेव्हा थांबला. तिने सगळे सांगितले. “मग जाऊ नकोस ना त्या मंचावर.”

“नाही गेले तर वळणही जाईल रे. मग कुठेच काही उरणार नाही.”

त्या गेल्या. फलकाच्या बरोब्बर खाली त्यांची खुर्ची होती. ध्वनिवर्धकासमोर उभ्या राहून त्यांनी एकच वाक्य उच्चारले: “माती सावकाश घट्ट होते.” श्रोत्यांना त्यात जीवनविषयक काही गहन तत्त्व आढळले. टाळ्या बराच वेळ वाजल्या. साहेबांच्या सगळ्यांत जास्त.

पुढे सगळे ठीक चालले. रस्ता खचला नाही, कारण सिमेंट आपले काम चोख करते. फलकाचे छायाचित्र देशोदेशीच्या सभांमध्ये फिरले. प्रयोगशाळेतले नमुने जागा अडवतात म्हणून फेकले गेले. बाई निवृत्त झाल्या आणि त्यानंतरच्या एका सकाळी, कुणाला न सांगता, कचरागाड्यांच्या वळणावर गेल्या.

फलकावरचे वाक्य जिथे खरे होते, तिथे फलक नव्हता. डांबराच्या कडेला उकिडव्या बसून त्यांनी खुरप्याने वरची सैल माती बाजूला केली. खालच्या थरावर अंगठा ठेवला आणि दाबला. नख पांढरे पडले. अंगठा उमटला नाही.

मागे भोंगा वाजला. “ओ मावशी! काही पडलंय का?”

“नाही हो.”

“मग वळणावर नका बसू. गाडी भरलेली आहे!”

“या ना. बिनधास्त या.”

त्या उठून बाजूला झाल्या. गाडी वळली, गेली. बाईंचे लक्ष गाडीकडे नव्हते, कडेकडे होते. कड हलली नाही.

अंगठा पुसायला त्यांनी रुमाल काढला. पुसण्यासारखे काहीच नव्हते.