कपिलीचा पहिला चीक

गोठ्याच्या आढ्याला कातड्यात पेंढा भरलेलं वासरू टांगलेलं होतं. ते कपिली गाईचं दुसरं. पहिलंही असंच आठव्या दिवशी पांढरी हगवण लागून गेलं होतं. गाईने पान्हा सोडावा म्हणून बयाबाई ते पेंढ्याचं वासरू तिच्यापुढे ठेवी, आणि गाय ते चाटत राही.

आज सकाळी कपिली तिसऱ्यांदा व्याली. आंदर मावळातल्या त्या वाडीत छत्तीस सालीही रीत ठरलेली होती. पहिल्या दिवसाचा चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, भैरोबाच्या खरवसाला, दुसऱ्या दिवसाचा भावकीला, आणि वासराला तोवर तांदळाची पेज. चीक वासराला जड पडतो, त्यानेच हगवण लागते, असं सगळे सांगत. बयाबाईच्या नवऱ्याने, अंबाजीने, कास रिकामी केली, चिकाने भरलेली कासंडी फळीवर ठेवली आणि तो गुरवाला निरोप द्यायला देवळाकडे गेला. वासरू दूर बांधलेलं होतं. त्याचं अंग थरथरत होतं.

शेजारची हुस्नबानो विस्तव मागायला आली. तिच्या घरी शेळ्या होत्या. तिने आधी आढ्याकडे पाहिलं, मग वासराकडे.

"पाजलं का गं?"

"पेज दिली की. चीक बाधतो त्याला."

"आधीच्या दोघांला कुटं दिलता चीक? मग त्यांला काय बाधलं?"

हुस्नबानोने आपल्या शेळीची गोष्ट सांगितली. शेळीला दोन करडं झाली. एक आईला लुचण्याआधीच ओहोळात घसरलं, ते दुसऱ्या दिवशी सापडलं. पुढे दोघं एकाच आईचं दूध प्यायली, एकाच कुडाआड निजली. सापडलेलं सहाव्या दिवशी मेलं.

"फरक त्या एका दिवसाचा, बया. उद्या पाजून उपेग न्हाई."

"आन देव कोपला तर?"

"तिसऱ्या कातड्यात पेंढा भरलास, तर खूश व्हनार हाय व्हय?"

कपिली हंबरली. वासराने कान हलवला, एवढंच.

बयाबाईने फळीवरची कासंडी उतरवली. चिकात बोटं बुडवून वासराच्या तोंडात घातली. जीभ हळूहळू बोटांना लागली. अंबाजी दारात येऊन थबकला.

"अगं, देवाचा चीक!"

"देवाला परवाचा," ती मागे न बघता म्हणाली. "ह्याला आजच पायजे."

रीत मोडली म्हणून पुढचे आठ दिवस भावकीतलं कुणी फिरकलं नाही. सातव्या दिवशी वासराचं शेण पातळ झालं. अंबाजी आढ्याकडे बघत बसून राहिला. नवव्या दिवशी सकाळी वासराने आईच्या कासेला ढुशी दिली, तेव्हा अंबाजीनेच उठून ते पेंढ्याचं वासरू खाली काढलं आणि उकिरड्यात पुरलं.

बंधुभगिनींनो, नवजात वासराच्या रक्तात रोगाशी झुंजणारं जवळजवळ काहीच नसतं. ते चिकातून येतं. ते आत घ्यायला आतड्याची दारं जेमतेम एक दिवस उघडी असतात, आणि तासागणिक मिटत जातात. नंतर हंडाभर दूध पाजलं तरी पोट भरतं, राखण होत नाही. खरवस जरूर करा, पण वासराचं भागल्यावर.

आणि आज आपल्या गोठ्याच्या आढ्याकडे एकदा पाहा. तिथे काही टांगलेलं असेल, तर देवाला बोल लावू नका. ते आपल्याच हातांनी तिथे गेलं आहे.