मागच्या बाकावरची मान

नव्या बाईंना मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं, म्हणून त्यांच्या पाचवीच्या वर्गावर थोरल्या बाई आल्या. नव्या बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, ते आज ठरणार होतं, आणि तेही थोरल्या बाईंच्याच शब्दावर. गेल्या आठवड्यात त्यांनी मागच्या बाकावर बसून नव्या बाईंचा तास पाहिला होता. "उत्तम शिकवतात, काही बदलायला नको," असं कळवलंही होतं.

नुसतं बसण्यापेक्षा उजळणी घ्यावी म्हणून त्यांनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या. ०.९ आणि ०.१५.

"मोठी कोणती?"

"शून्य पॉइंट पंधरा," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"अरे, नीट बघा."

"नीटच बघितलं, बाई. नवापेक्षा पंधरा मोठे," पहिल्या बाकावरची वेणीवाली म्हणाली. "आमच्या बाईंनीच शिकवलंय. तुम्ही मागे होतात ना, तेव्हा."

"मी असताना?"

"हो. मी वळून बघितलं तर तुम्ही मान हलवत होतात. मग बरोबरच असणार की."

थोरल्या बाईंनी खडू खाली ठेवला. मान हलत होती खरी. त्या दिवशी पहाटेपासून सासूबाईंना बरं नव्हतं आणि रोजचा जप राहून गेला होता. नेम मोडू नये म्हणून त्यांनी तो मागच्या बाकावर बसून पुरा केला, पर्सच्या आड माळ ओढत. मण्यागणिक मान हलायची, ही जुनी सवय. तासात काय शिकवलं, त्यातलं एक अक्षर कानात शिरलं नव्हतं.

नव्या बाई व्हरांड्यातून जवळजवळ पळतच आल्या. थोरल्या बाई दारात गेल्या.

"कायम झाले, बाई. मी तर सोडून द्यायला निघाले होते, आईला सांगूनही टाकलं होतं. पण तुम्ही मागून मान हलवत होतात ना, त्यानंच धीर आला."

गप्प राहता आलं असतं. पुढच्या एखाद्या रिकाम्या तासाला चूक दुरुस्त करता आली असती, कुणाला कळलंही नसतं.

"मी जप करत होते," थोरल्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, आणि फळ्याकडे बोट करून बाकीचंही सांगितलं.

नव्या बाईंनी फळ्यावरच्या दोन्ही संख्या पुन्हा वाचल्या. "हे चुकलं माझं, कबूल. पण बाकीचा तास? मुलांना बोलतं करणं, फळा, आवाज?"

"ते मला माहीत नाही गं."

"आयुष्यात एक शाबासकी मिळाली, तीही देवाच्या खात्यातली निघाली."

"मी मुख्याध्यापिकांना सांगते. आत्ताच."

"दोघी जाऊ, तास संपल्यावर. आधी पोरांना मला सांगू द्या. तुम्ही पुढे बसा." आत वळताना त्या थांबल्या. "आणि मान हलवू नका."

पर्स टेबलावर ठेवून थोरल्या बाई वेणीवालीशेजारी अंग चोरून बसल्या. नव्या बाईंनी मुलांना सरळ सांगितलं, मी चुकीचं शिकवलं. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. एकीचे दहा भाग करून नऊ रंगवले, दुसरीचे शंभर करून पंधरा. फार सुरेख समजावत होत्या. थोरल्या बाईंनी हनुवटीला हात लावून मान धरून ठेवली.

"बाई, आता बरोबर आहे का?" वेणीवालीनं कुजबुजत विचारलं.

"थांब," त्या म्हणाल्या, "मला ऐकू दे."