नोकरीच्या आधी निघालेला डबा

मी जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, दोन पुडांचा, बाजूला कडी असलेला. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की दौंडच्या भांडीवाल्यानं माझ्या झाकणावर खडखड करत नाव कोरलं : पोपट.

पोपटराव रेल्वेत गँगमन होते. तापलेल्या खडीच्या कडेला बसून मी वीस वर्षं त्यांच्या जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोनं, ताईबाईंनी, मला माळ्यावर टाकलं. वर्षभर पालथा पडून होतो.

२००३ च्या जूनमध्ये त्यांची धाकटी लेक गौतमी म्हणाली, "आप्पा, रांजणगावच्या कंपनीत माझं काम झालं. शिरूरला मैत्रिणीच्या खोलीवर ऱ्हाईन."

पोपटरावांनी मला खाली काढलं आणि स्वतःच्या हातानं राखेनं घासलं. "कंपनीत जायचं म्हंजी डबा पायजे."

गौतमी माझ्याकडं बघेना. का, ते मला शिरूरला गेल्यावर कळलं.

नोकरी नव्हतीच. आयटीआयचा दाखला होता आणि मैत्रिणीची खोली होती, बास. रोज सकाळी ती मला पिशवीत घालून जीपनं रांजणगावला जाई, एकेका गेटवर अर्ज देई. "नंतर या." "मुलींना नाईटला कोण सोडणार?" दुपारी एका बंद टपरीमागच्या लिंबाखाली ती मला उघडायची. रविवारी बूथवरून दौंडला फोन. "सुपरवायझर चांगले हायत, आप्पा." फोन ठेवला की काचेला कपाळ टेकून उभी राहायची.

पाचव्या आठवड्यात, ती जेवत असताना, समोर पोपटराव येऊन उभे राहिले. हातात ताईबाईंनी दिलेली लाडवांची पिशवी. तिनं सांगितलेल्या कंपनीच्या गेटवर ते नाव विचारून आले होते. तिथं गौतमीला कुणी ओळखत नव्हतं; परत फिरताना ती लिंबाखाली दिसली.

"आज कामावर न्हाईस व्हय?"

तिचा घास हातातच राहिला. "काम लागलंच न्हाई, आप्पा. खोटं बोलले मी."

आता मी भिरकावला जाणार, असं मला वाटलं.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं?"

"न्हाई," पोपटराव म्हणाले. मग खाली बसले, माझ्यातली अर्धी चपाती तोडून भाजीत बुडवली आणि तोंड वाकडं केलं. "मीठ इसरलीस."

गौतमी रडता रडता हसली.

"घरी चल."

"एक महिना द्या, आप्पा. दोन ठिकाणी परीक्षा दिलीया."

त्यांनी लाडवांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"आईला काय सांगणार?"

"गेट लई मोठं हाय म्हणून सांगतो. त्ये काय खोटं न्हाई."

अठरा दिवसांनी एका वायरिंगच्या कंपनीनं तिला बोलावलं. मोठ्या हौसेनं मला भरून ती निघाली, आणि सिक्युरिटीनं मला गेटवरच अडवलं. आत कँटीन होतं, बाहेरचं जेवण चालत नव्हतं! जिच्यासाठी इतका उन्हातान्हात फिरलो, ती नोकरी मी आतून कधी पाहिलीच नाही. दिवसभर सिक्युरिटीच्या टेबलाखाली पडून राहिलो. शिफ्ट सुटल्यावर गौतमी पळतच आली, मला उचललं आणि फोन बूथ गाठला. आईशी बोलली, मग म्हणाली, "आप्पांना द्या." पलीकडून ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिनं मात्र मला पोटाशी घट्ट धरलं होतं.

याला दोन वर्षं झाली. माझी कडी सैल झालीय, एका बाजूला पोचा आलाय. सध्या खोलीवर साताऱ्याकडची नकुशी नावाची मुलगी आलीय. तिला अजून काम नाही. गौतमी शिफ्टला जाण्याआधी मला भरून तिच्या पिशवीत ठेवते. भाजीची चव मात्र आधी बघते.

तुम्हाला एकच विनवणी. कंपनीच्या गेटसमोर फाईल घेऊन बसलेली एखादी मुलगी दिसली, तर "कुठं लागलीस?" असं लगेच विचारू नका. "जेवलीस का?" एवढंच विचारा. त्याचं तरी तिला खरं उत्तर देता येतं.